टाळू म्हणजे कोणती?

मुलगा, वय 4 दिवस. जन्मवजन 2600 ग्रॅम, आजचं 2280. दाखल करतानाच्या कागदावर ही ओळ होती आणि तिच्याखाली ‘ओठ फाटलेला आहे’ हे वाक्य कुणीतरी दोनदा अधोरेखित केलं होतं. अधोरेखित करायचंच तर ते दोन आकडे करायला हवे होते. चार दिवसांत 320 ग्रॅम गेले होते, जन्मवजनाच्या 12 टक्क्यांहून जास्त. नवजात बाळ पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच. पण 10 टक्क्यांच्या पुढे गेलं की समजायचं, बाळ उपाशी आहे.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, म्हणजे सगळे ज्याला एसएनसीयू म्हणतात तिथे, मी काम करते. हे प्रकरण जुलै 2023 मधलं. नाव-गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. नर्सिंगच्या मुली आमच्याकडे पोस्टिंगला येतात तेव्हा मी त्यांना हेच बाळ सांगते. दुभंगलेल्या ओठाबद्दल पुस्तकात असतं ते बहुतेक सगळं यात आहे, आणि पुस्तकात नसलेली एक चूकही आहे. ती माझी आहे.

टॉर्च कुणी मारला नव्हता

बाळ 5 जुलैला एका ग्रामीण रुग्णालयात जन्मलं. 38 आठवडे पूर्ण, साधी प्रसूती, जन्मताच रडलं. वरच्या ओठाला डावीकडे फट होती, पण ती नाकपुडीच्या खालीच थांबली होती. हिरडीला नुसती खाच. तिथे घरच्यांना सांगण्यात आलं की फक्त ओठाचं आहे, पुढे टाके घालून देतात, तोवर अंगावर पाजा.

फक्त ओठ दुभंगलेला असता तर हा सल्ला चुकीचा नव्हता. अशी पुष्कळ बाळं नीट धरून लावली की अंगावर पितात, कारण स्तनाचा मऊपणाच ती फट बुजवतो. आम्ही जीभ दाबायच्या पट्टीने जीभ खाली केली, टॉर्च मारला, बाळ रडलं आणि आतलं दिसलं. टाळूचा पुढचा कडक भाग शाबूत होता. त्याच्या मागचा कडक भाग आणि मऊ टाळू मधोमध उघडी, पडजीभ दोन तुकड्यांत, आणि वर नाकाची लालसर पोकळी. बोट फिरवलं तर पुढचा शाबूत भाग हाताला लागतो आणि माणूस फसतो. मागचं बघायला उजेडच लागतो. तेव्हापासून आमच्या कक्षात ‘टाळू बोटाने तपासली’ अशी नोंद मी चालू देत नाही.

ओठ आणि टाळू या दोन गोष्टी गर्भात वेगवेगळ्या वेळी जुळतात. चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठ आणि पुढची हिरडी सांधली जाते. टाळूची दोन पाखं त्यानंतर, जीभ खाली सरकली की वर उचलली जातात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मधे एकमेकांना मिळतात. म्हणून ओठाची फट लहान आणि टाळूची मोठी, असंही होतं. बाहेरून जेवढं दिसतं त्यावरून आतल्याचा अंदाज बांधायचा नाही.

टाळू उघडी असली की तोंडात ओढ तयार होत नाही. चिरलेल्या काडीने सरबत ओढून बघा, हवाच येते. बाळाचं तोंड चालू असतं, जबडा हलतो, चाळीस मिनिटं अंगाला लागलेलं असतं, आणि घरातली सगळी माणसं म्हणतात, पितंय की छान. पोटात जातं ते आपसूक गळालेलं थोडंसं. वर त्या धडपडीत असलेली ताकदही खर्च होते.

हे बाळ आलं तेव्हा रडणं क्षीण होतं, तोंड कोरडं, अंग किंचित तापलेलं, डोळ्यांत पिवळेपणा. आदल्या रात्रीपासून लघवी एकदाच झाली होती आणि दुपट्यावर विटकरी डाग होता. रक्तातली साखर 46, सोडियम 153. अशा वेळी घाई नडते, कारण वाढलेलं सोडियम झपाट्याने उतरवलं तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. डॉक्टरांनी सलाईन दोन दिवसांवर पसरवलं. आमच्याकडे काम उरलं ते तासातासाचं: थेंब मोजणं, दुपटी वजन करून लघवी लिहिणं, साखर बघणं, आणि आईला जवळ बसवून हाताने दूध काढायला शिकवणं. तिचे स्तन दगडासारखे घट्ट झाले होते आणि बाळ उपाशी होतं. पहिला दीड दिवस ते दूध तोंडातून घातलेल्या नळीने दिलं.

फट एकटीच आली आहे की आणखी काही घेऊन, हेही बघून घेतलं. खालचा जबडा आखूड नव्हता. तसा असेल तर जीभ मागे पडून श्वास अडतो आणि बाळाला पालथंच ठेवावं लागतं. खालच्या ओठावर खळगे नव्हते, हृदयाचा आवाज साफ होता. आई-बाप आत्येमामे भावंडं, पण दोन्ही घरांत असं दुसरं कुणी नाही.

बोंडलं

तिसऱ्या दिवशी सलाईन निघालं, वजन 2400 वर आलं आणि खरी शुश्रूषा सुरू झाली. चोच असलेलं ते छोटं भांडं मी काढलं. रुग्णालयात त्याला पलाडाई म्हणतात, तामिळनाडूतल्या घरांतून आलेला शब्द आहे. आजी, म्हणजे बाळाच्या बापाची आई, लगेच म्हणाली, “हे तर बोंडलं!” तिच्या सासूने तिच्या पहिल्या लेकराला त्यानेच पाजलं होतं. मला बरं वाटलं. ज्या वस्तूला घरात आधीच नाव आहे ती शिकवायला सोपी जाते.

हिशोब असा होता. दिवसाला किलोमागे 150 मिलिलिटर, म्हणजे 2.4 किलोला 360. दर दोन तासांनी 30. बाळाला मांडीवर बसतं धरायचं, मान आणि पाठ एका रेषेत, डोकं पोटापेक्षा बरंच वर. बोंडल्याची चोच फटीच्या बाजूला न नेता उजवीकडे, गाल आणि हिरडीच्या मधे टेकवायची. दूध ओतायचं नाही. थोडं सोडायचं, घोट गेलेला गळ्याशी दिसला की पुढचं. दहाएक मिलि झाले की खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, कारण ही बाळं दुधाबरोबर खूप हवा गिळतात. नाकातून दूध आलं तर घाबरायचं नाही. थांबायचं, तसंच बसतं ठेवायचं, शिंकू द्यायचं, मऊ कापडाने टिपायचं. ते दूध छातीत गेलेलं नसतं, उघड्या टाळूतून वर आलेलं असतं. घाबरायचं ते खोकला, निळेपणा किंवा मिनिटाला 60 च्या वर श्वास दिसला तर.

आणि अर्धा तास झाला की थांबायचं, उरलेलं दूध उरू द्यायचं. आयांना हे पटवणं सगळ्यात अवघड. एक तास बसून 30 मिलि पाजण्यात बाळ जेवढं कमावतं तेवढंच गमावतं. पाजून झालं की ओल्या गॉजने हिरडी आणि फटीची कड पुसायची. तोंडाने श्वास चालतो म्हणून ओठ कोरडा पडतो, त्याला खोबरेल तेलाचं बोट. दूध पोटात गेल्यावर पाच मिनिटं छातीला लावायचं. त्यातून मिळणार काही नसतं, पण दूध टिकतं आणि आईला आई असल्यासारखं वाटतं. हा शेवटचा भाग मी कधी गाळत नाही.

आईने दोन दिवसांत हात बसवला. वय 20, हात कोयत्याने रापलेले, बोलायची कमी. बाळाचं टोपडं मात्र ती नाकापर्यंत ओढून ठेवायची. खाटेखालच्या पिशवीत पेढ्यांचा एक बंद डबा होता. मुलगा झाला म्हणून आणलेला, आणि वाटायचा राहिलेला.

चार दिवस काटा हलेना

12 जुलैला बाळ आईजवळ दिलं. वजन 2410. 13 ला 2405, 14 ला 2400, 15 ला परत 2410. रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित, आणि दुधाचा तक्ता तर भरलेला: दर दोन तासांनी 30, 30, 30. जंतुसंसर्ग नाही, उलटी नाही, जुलाब नाही. दूध मोजून निघत होतं. डॉक्टर म्हणाले, उष्मांक वाढवू, दुधात पावडर घालू. मी म्हटलं, एक रात्र थांबा.

खरं सांगायचं तर त्या रात्री माझ्या डोक्यात काही ठरलेलं नव्हतं. तक्त्यावरची एक गोष्ट खुपत होती, एवढंच. दिवसाच्या नोंदी आमच्या बघण्यातल्या होत्या, रात्रीच्या सगळ्या सांगोवांगीच्या. सकाळी सिस्टर विचारायची, “पाजलं का?” आणि पलीकडून “पाजलं” आलं की तीस लिहिलं जायचं. दुपटीही रात्री कमी ओली होत होती.

15 तारखेची रात्रपाळी माझी. दोन वाजता आई भिंतीला टेकून झोपलेली. आजीने पाय पसरून बाळाला पायांवर आडवं घेतलेलं, अगदी सपाट. एका हाताने बोंडलं धरलेलं आणि दुसरा तळहात बाळाच्या डोक्यावर, माथ्यावर झाकण ठेवल्यासारखा. दूध सोडलं, नाकातून बाहेर आलं. पुसलं, परत सोडलं, परत आलं. तिसऱ्यांदा आजीने बोंडलं खाली ठेवलं आणि बाळाला थोपटायला लागली. दहा मिलि गेलं असेल.

“आजी, बसतं करा ना त्याला. दिवसा ताई करते तसं.”

“नको बाई,” आजी म्हणाली. “ती ऐकत नाही, मी तरी जपते. टाळू फाटलीय म्हणलात नं तुम्हीच. उभं धरल्यावर हिसका नाही का बसायचा?”

मी टोपडं सरकवलं. माथ्यावर तेलात भिजवलेला कापसाचा बोळा होता. तो मी चार दिवस पाहत होते आणि टाळू भरायची घरोघरची रीत म्हणून सोडून दिला होता.

मराठीत टाळू दोन आहेत. एक तोंडात आणि एक माथ्यावर. आणि लहान बाळाच्या घरात टाळू म्हटलं की सगळ्यांच्या मनात माथ्यावरचीच येते, धकधकणारी, तेल घालून भरायची, हात लागू द्यायचा नाही ती. दाखल केल्याच्या संध्याकाळी मी आजीला सरळ सांगितलं होतं, “ओठाबरोबर टाळूसुद्धा फाटलीय, तिचंही ऑपरेशन लागेल.” तिने मान हलवली. मी ‘घरच्यांना समजावून सांगितले’ असं लिहून सही केली. तेव्हापासून ती बाई नातवाची कवटी उघडी आहे असं धरून चालली होती.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. म्हटलं, “आजी, तोंड मिटा आणि जीभ वर लावा. कुठं टेकली?”

“वर.”

“ती टाळू. त्याची ती उघडी आहे. म्हणून दूध नाकात जातं.”

“आणि डोक्याची?”

“डोक्याची चांगली आहे. सगळ्या लेकरांची असते तशी.”

ती बराच वेळ जीभ आत फिरवत बसली. मग म्हणाली, “मग मला चार दिवस कशाला भ्या घातलं?”

याला उत्तर नव्हतं. बाळाला तिच्या हातांनी बसतं केलं. अर्ध्या तासाच्या आत पंचवीस मिलि गेलं, नाकातून एकदाच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी 2430. पुढे रोज पंचवीसच्या आसपास. पावडर लागली नाही.

तक्त्याचा नमुना आम्ही बदलला. आता ‘दिलं’ लिहीत नाही. कुणी पाजलं, बाळ कसं धरलं होतं, किती मिनिटं लागली, नाकातून किती वेळा आलं, हे लिहितो. रात्रीचं निदान एक पाजणं सिस्टरने डोळ्यांनी बघायचं. आणि टाळू हा शब्द उच्चारायच्या आधी समोरच्याला जीभ वर लावायला सांगायची. आमच्या डॉक्टरांना पहिल्यांदा हसू आलं. आता तेही करतात.

ग्रहणाचा हिशोब

आजीची भीती गेली तसं आईचं बाहेर आलं. ती म्हणाली, मी ग्रहण पाळलं नाही. ऊसतोडणीला होतो, मुकादम काय ग्रहण म्हणून सुट्टी देतो का? हातात कोयता होता. गावात सगळ्या बायका तेच बोलतात, नवराही एकदा बोलला.

नर्सस्टेशनच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि मागच्या वर्षीचं त्याच्याखालीच टांगलेलं. ते काढून आणलं. शेवटची पाळी कधी, हे तिला पक्कं आठवत होतं: दसरा झाल्यावर बरोबर आठवड्याने. 2022 चा दसरा 5 ऑक्टोबरला, म्हणजे 12 तारीख. गर्भ राहिला असेल तो 26 ऑक्टोबरच्या सुमारास. सूर्यग्रहण होतं 25 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, ग्रहण लागलेलाच सूर्य मावळला होता तेव्हा. “त्या दिवशी बाळ पोटात यायचंच होतं,” मी म्हटलं. दुसरं ग्रहण चंद्राचं, 8 नोव्हेंबरला, कार्तिक पौर्णिमेला. तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा, ओठ कुठला, त्याला अजून तोंडही नव्हतं. ओठ जुळायचे दिवस नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. त्या दिवसांत ग्रहण नाही.

आईने बोटाने तारखा मोजल्या. दोनदा मोजल्या. त्या दुपारी टोपडं कपाळावर गेलं.

ही पळवाट होती हे मला कळतं. ग्रहण नेमकं डिसेंबरात आलं असतं तरी ओठ त्याने फाटला नसता, आणि तेव्हा माझ्याकडे कॅलेंडर दाखवायची सोय नसती. पण चौथ्या दिवशी उपाशी आलेल्या लेकराच्या आईशी खगोलशास्त्रावर वाद घालण्यापेक्षा मला तिचा दोष तिच्या मांडीवरून उतरवायचा होता. खरं कारण काय, तेही सांगितलं: एका बाळाबाबत बोट ठेवता येत नाही. काही रक्तातून येतं, नात्यातल्या लग्नात शक्यता वाढते. गरोदरपणातली विडी-सिगारेट, फिटच्या काही गोळ्या, आईचा मधुमेह यांचा संबंध दिसतो. फॉलिक ॲसिडचंही नाव घेतात, आणि त्या गोळ्या तिला मिळाल्या त्या पाचव्या महिन्यात, तोडणीवरून परतल्यावर. पुढच्या बाळाला असं व्हायची शक्यता शंभरात तीन ते पाच. ती म्हणाली, म्हणजे पंच्याण्णवांचं नीट? म्हटलं, हो. हा हिशोब तिनेच असा उलटा केला, आणि तेव्हापासून मीही तसाच सांगते.

कोयत्याचं वेळापत्रक

24 जुलैला सुट्टी दिली, वजन 2610. सुट्टीचा कागद करताना लक्षात आलं की खरी अडचण तारखांची आहे. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी जुना दहाचा नियम अजून कामाला येतो: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. या बाळाचं वय सप्टेंबरच्या मध्यात भरणार होतं, वजन ऑक्टोबरात. आणि दसरा झाला की टोळ्यांच्या गाड्या भरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झाली होती. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बायको मागे राहिली तर नवरा अर्धा कोयता.

नवऱ्याला बोलावून घेतलं. त्याला शुश्रूषेचं काही सांगितलं नाही, फक्त तीन तारखा कागदावर लिहून दिल्या: ओठ दसऱ्याच्या आत, टाके दसऱ्याच्या सुमारास, टाळू पुढच्या उन्हाळ्यात टोळी परतल्यावर. तो कागद त्याने घडी करून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला. शालेय आणि अंगणवाडी तपासणीची जी आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, पथकं असतात, त्यांच्या यादीत जन्मजात दोषांमध्ये दुभंगलेला ओठ आहेच. त्यांच्यामार्फत संभाजीनगरच्या एका रुग्णालयात नाव लागलं, तिथे स्माईल ट्रेन या संस्थेच्या मदतीने ही शस्त्रक्रिया मोफत होते. आशाताईने दर आठवड्याला वजन करायचं ठरलं. दूध मोजायला औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण दिलं.

सप्टेंबरपासून तयारी. ऑपरेशननंतर पालथं झोपणं बंद होतं, ओठ गादीला घासतो. म्हणून आधीच उताणं झोपायची सवय लावायची. हात तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून कोपराला कडक बाही घालतात. जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या कापडात ओळीने शिवल्या की झाली बाही. ती आधी आठवडाभर रोज थोडा वेळ घालून बघायची, म्हणजे नेमक्या त्या दिवशी बाळाला सगळंच नवं पडत नाही. आजीने बाह्या स्वतः शिवल्या, जुन्या लुगड्याच्या काठाच्या.

4 ऑक्टोबरला वजन 4500, हिमोग्लोबिन 10.2, आणि नाक वाहत होतं. भूलतज्ज्ञांनी परत पाठवलं. त्यांचं बरोबर होतं, सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते. पण एसटीने चार तास येऊन परत जाणाऱ्या माणसांना ते कसं दिसतं, हेही मला ठाऊक आहे. आजीने तिथूनच फोन केला, “आता पुढच्या सालीच का?” म्हटलं, नाही, 18 ला.

18 ला झालं. फट सरळ रेषेत शिवत नाहीत, कारण सरळ व्रण आखडला की ओठ वर ओढला जातो. फटीची एक बाजू फिरवून खाली आणतात आणि दुसरी पुढे सरकवून त्या जागेत बसवतात. मिलार्ड नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने 1950 च्या दशकात दाखवलेली ही पद्धत अजून जगभर चालते. पुढचं काम परत साधं आणि चिवट: प्रत्येक पाजण्यानंतर टाक्यांवरचं दूध सलाईनच्या पाण्याने भिजवलेल्या कापसाने टिपायचं, घासायचं नाही, खपली धरू द्यायची नाही, मलम लावायचं, वेदनेचं औषध वेळेवर द्यायचं आणि रडू कमी द्यायचं, कारण रडलं की टाके ताणतात. एका हाताची बाही एका वेळी सोडून तो हात हलवायचा, मग दुसरा.

टाके 25 ऑक्टोबरला निघाले, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. नंतर आमच्याकडे दाखवायला आले तेव्हा आईला विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, “छान झालं. पण हसला की माझा नाही वाटत.” साडेतीन महिने तिने ते फाकलेलं हसू पाहिलं होतं. हे ऐकलं की नर्सिंगच्या मुली चमकतात. मी सांगते, चमकू नका, बऱ्याच आया म्हणतात.

कोपीतले महिने

नवरा अर्धा कोयता म्हणून गेला. डिसेंबरात उचलीचं गणित जमेना, तेव्हा आईही बाळाला घेऊन फडावर गेली. हे मी अपयश म्हणून लिहीत नाही, वेळापत्रक म्हणून लिहिते. पाचटाच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, सहाव्या महिन्याचं वरचं अन्न सुरू झालं. टाळू अजून उघडीच. दुधात कालवलेली भाकरी नाकातून यायची. फोनवर सांगितलं: घट्टसर करा, पातळ नको, चमच्याच्या टोकावर थोडं, बसतं धरून, नंतर दोन घोट पाणी. कारखान्याजवळच्या उपकेंद्रात वजन व्हायचं आणि कार्डाचा फोटो माझ्या मोबाईलवर यायचा. जानेवारीत 6100, फेब्रुवारीतही 6100. त्याच महिन्यात उजवा कान वाहायला लागला.

कानाचं आधीच सांगून ठेवलं होतं. टाळूचा जो स्नायू घशातून कानाकडे जाणारी नळी उघडतो, तो फटीमुळे जागेवर बसलेला नसतो. मग कानात पाणी साचतं, कमी ऐकू येतं, आणि पुढे बोलायला उशीर झाला की सगळे टाळूलाच दोष देत बसतात. जन्मानंतर केलेली तपासणी चांगली आली म्हणून कान विसरायचे नाहीत, दर भेटीला विचारायचे.

एप्रिलमध्ये टोळी परतली. मे 2024 मध्ये, दहाव्या महिन्यात, 7200 ग्रॅमवर टाळूची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच भुलीत कानही तपासले. ओठाचं बाळ उताणं ठेवतात, टाळूचं पहिल्यांदा कुशीवर, रक्त आणि लाळ बाहेर गळावी म्हणून. बाळ उगाच सारखं गिळत असेल तर टॉर्च मारून बघायचं, मागे रक्त उतरत असतं. चोखणी, चमचा, काडी, बोट, काहीही तोंडात नाही. दोनेक आठवडे पातळ अन्न वाटीच्या कडेने. बाह्या परत तीन आठवडे. लुगड्याच्या काठाच्या आता पुरेनात, आजीने नव्या शिवल्या.

जूनमध्ये बापही आला सोबत. तक्रार घेऊनच आला होता. पोरगं ‘मामा’ म्हणतं, ‘आम्मा’ म्हणतं, आणि बापाला हाक नाही. समजावलं की ‘म’ नाकातूनच येतो, तो उघड्या टाळूनेही जमतो. ‘ब’ आणि ‘प’ला तोंडात हवा कोंडावी लागते, ती त्याला आजवर कोंडताच आली नव्हती. आता टाळू मिटलीय, पण सवय लागायला महिने जातील, वाचा-उपचाराची ताईही भेटेल. तोवर रोज त्याच्यासमोर तोंड करून ओठ मिटून बोला.

त्यांचा नंबर यायला वेळ होता. बाकावर बाप पोराला मांडीवर समोरासमोर घेऊन बसला होता आणि हळू आवाजात, आजूबाजूला बघत, “बा. बा. बाबा” करत होता. पोरगं त्याच्या ओठांकडे टक लावून पाहत होतं. मग हसलं आणि म्हणालं, “मा.”